तुरीच्या दाण्याएवढं

बीडमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करता करता वीस वर्षं होत आली. या काळात मदरबोर्ड बदलले, हार्ड डिस्कमधून बुडालेला डेटा वर काढला, वीज पडून जळालेली मशिनंही उघडून पाहिली. पण माझी समज सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केली ती एका करड्या मलमानं. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावर बसणारा कूलर, या दोघांच्या मध्ये लावायची ती थर्मल पेस्ट. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, आणि बिलातही बहुतेक वेळा तिचं नाव नसतं. काम दोन मिनिटांचं. ते नीट जमायला मला जी वर्षं लागली, त्यातलं जे आठवतं ते असं.

१. पेस्ट गारवा देत नाही, हे मला फार उशिरा कळलं. डोकं दुखलं की बाम चोळतो तसं काहीतरी मी समजत होतो. लावलं की प्रोसेसर निवला. खरी गोष्ट वेगळी आहे. प्रोसेसरवर तांब्याची टोपी असते, तिच्यावर निकेलचा मुलामा. नवी टोपी नुकत्याच कल्हई केलेल्या भांड्यासारखी चमकते. कूलरचा तळही तसाच गुळगुळीत. पण डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या या दोन्ही पाठी बारकाईनं पाहिल्या तर खाचखळग्यांच्या असतात. एकमेकींवर दाबल्या तरी त्या थोड्याच जागी टेकतात, उरलेल्या जागेत हवा अडकते. आणि हवेतून उष्णता फार कष्टानं पुढं जाते. उष्णता वाहून नेण्याची ताकद मोजायचं एक माप आहे. त्यात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टचा आठ-दहा, साध्या पांढऱ्या पेस्टचा एकाच्या आसपास आणि हवेचा ०.०२५. हे आकडे पहिल्यांदा एका कागदावर एकाखाली एक लिहिले तेव्हा मी बराच वेळ तो कागद बघत बसलो होतो. चांगल्यातली चांगली पेस्टसुद्धा तांब्याच्या तुलनेत चाळीस-पन्नास पट मागे. म्हणजे जिथं धातूला धातू टेकतोय तिथं तिचं काही काम नाही, उलट अडचणच. तिनं फक्त हवेला हुसकायचं आणि तिची जागा घ्यायची.

२. म्हणूनच, जितकी जास्त तितकी चांगली, हा माझा समज किती उलटा होता ते लक्षात आलं. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे पांढऱ्या पेस्टची छोटी डबी असायची. बोटानं काढायची आणि भिंतीला गिलावा करावा तशी थापायची. हात राखून लावणं मला कंजूषपणा वाटायचा. गिऱ्हाइकानं पैसे दिलेत, मग भरपूर लावू. कूलर दाबला की ती चारी बाजूंनी बाहेर यायची आणि खाली सॉकेटच्या कडेला उतरायची. एकदा अशीच एका मशीनच्या सॉकेटमध्ये उतरली, आणि मऊ ब्रशानं एकेक तार पुसत माझी अख्खी दुपार गेली. ती पेस्ट वीज वाहणारी नव्हती म्हणून बोर्ड वाचला. त्या दुपारी आजीची आठवण आली होती. विड्याच्या पानाला चुना लावताना ती नखाच्या टोकानं एवढासा घ्यायची आणि पानभर पुसायची. जास्त झाला तर जीभ भाजते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

३. मग किती लावायची, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पुरला. जगभरचे लोक सांगतात, वाटाण्याएवढी. आता वाटाणा आमच्याकडे थंडीत चार दिवस भाजीला येतो, आणि त्यातही एक एवढा असतो, दुसरा तेवढा. माझ्या हाताला ओळखीचे दाणे तीनच: ज्वारी, तूर आणि हरभरा. एका रविवारी दुकान अर्धं बंद ठेवून मी बसलो. एक निकामी प्रोसेसर घेतला, मोबाइलच्या दुकानातून टेम्पर्ड ग्लासच्या जुन्या काचा आणल्या, शेजारच्या किराणा दुकानातून किलोचं माप आणलं. पेस्टचा ठिपका ठेवायचा, वर काच ठेवायची, काचेवर माप ठेवायचं आणि बघत राहायचं.

ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका मधेच पसरून थांबला, चारी कोपरे कोरडे. हरभऱ्याएवढा कडा ओलांडून खाली ओघळला. तुरीच्या दाण्याएवढा मात्र पसरत पसरत गेला आणि कडेच्या थोडं अलीकडे येऊन थांबला. काचेतून ते पसरणं बघण्यासारखं असतं. आई परातीत ज्वारीची भाकरी थापते तेव्हा पीठ मधून कडेकडे सरकत जातं, गोल सुटत नाही, कड चिरत नाही, अगदी तसं. मधून सुरू झालेला गोल वाढताना समोरची हवा ढकलत ढकलत बाहेर काढतो. म्हणून ठिपका मधोमध ठेवायचा आणि पसरवायचं काम दाबावर सोडायचं. मी पूर्वी जुन्या एटीएम कार्डाच्या तुकड्यानं आधीच पसरवून घ्यायचो. तेही चालतं, पण पातळ आणि सारखं पसरवता आलं पाहिजे. चढउतार राहिले तर त्यांच्यामध्ये हवा कोंडते. त्याच काचेखाली तेही मी पाहिलं, बारीक बारीक फुगे.

मोठ्या टोपीच्या प्रोसेसरला एक दाणा पुरत नाही, तिथं मी फुलीसारख्या दोन बारीक रेघा ओढतो. लॅपटॉपचा हिशेब निराळा. तिथं टोपीच नसते, चिपचा काळा आरसा उघडा असतो. कोपऱ्याचा एवढासा तुकडा कोरडा राहिला तरी तो जास्त तापतो. तिथं मी स्वतः पसरवतो, कडेपर्यंत.

४. कूलर एकदा टेकवला की टेकवला. थोडा तिरका बसला वाटलं म्हणून उचलून पुन्हा ठेवायची सवय मला होती. उचलताना पेस्टला शिखरं आणि दऱ्या येतात, पुन्हा टेकवल्यावर त्या दऱ्यांत हवा बंद होते. आता उचलावा लागलाच तर दोन्ही बाजू पुसून पहिल्यापासून सुरुवात. दाणाभर पेस्ट वाया जाते, जाऊ दे.

५. पुसणं हे लावण्याइतकंच मोठं काम आहे. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी होते, तिच्यावर नवी लावली की थर दुप्पट. मी कधी नुसत्या कापडानं पुसलं, कधी पेट्रोलच्या बोळ्यानं. २०२० मध्ये घरोघर सॅनिटायझर आलं तेव्हा वाटलं, हेही अल्कोहोलच की. पुसलं. वरवर स्वच्छ दिसलं, पण बोट फिरवल्यावर चिकट लागलं. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, ते मागं राहतं. तेव्हापासून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली कायम टेबलावर असते. आणि कापूस वापरत नाही, त्याचे तंतू सुटतात. जुन्या चष्म्याचं कापड सगळ्यात बरं. पुसून झालं की उजेडात तिरकं धरून बघायचं. टोपीवर छापलेली अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत.

६. कापसावरून आठवलं. दोष पेस्टमध्ये नसतोच, असंही होतं, हे मला गेवराईकडच्या एका जिनिंगनं शिकवलं. तिथल्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर. कापूस घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असताना तो मधेच बंद पडायचा. मी गेलो, पेस्ट बदलली, चालू झाला. महिन्यानं पुन्हा फोन. पुन्हा गेलो, यावेळी महागडी पेस्ट नेली. पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी तिथल्या काटेवाल्या काकांनी चहा मागवला आणि म्हणाले, “भाऊ, दर वेळी तुम्ही ते मलम बदलता, पण त्या पंख्याखाली काय साचलंय ते एकदा बघा की.”

मी दोन्ही वेळा पंख्यासकट कूलर उचलला होता, तळ पुसला होता आणि तसाच पुन्हा बसवला होता. त्या दिवशी पंखा हीटसिंकपासून वेगळा केला. खाली रुईच्या तंतूंची एक जाड गादी बसलेली होती, गोधडीच्या आत असते तशी. चिमटीत धरून ओढली तर सलग निघाली, पंख्याच्या आकाराची गोल. हीटसिंकच्या पात्यांमधून वारा जायला वाटच उरलेली नव्हती. प्रोसेसरमधली उष्णता माझ्या पेस्टमधून व्यवस्थित वर येत होती आणि वर येऊन तिथंच अडकत होती. कूलर काढता-घालताना थोडी रुई हलायची, चार वाटा मोकळ्या व्हायच्या, म्हणून महिनाभर चालायचा. मी समजत होतो, पेस्टनं काम केलं. काकांचा कॉम्प्युटरशी संबंध काट्याचा आकडा वाचण्यापुरता. पण जिनिंगच्या यंत्रांत रुई कुठं कुठं शिरते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आता मशीन कुठलं आहे हे विचारायच्या आधी ते कुठं ठेवलंय हे विचारतो. पिठाच्या गिरणीशेजारी, कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ, परळीकडं असेल तर औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या वाऱ्यात. प्रत्येक ठिकाणची धूळ निराळी बसते.

७. गरम होणारं मशीन ‘मी गरम झालोय’ असं सांगत नाही. ते हळू चालतं. शंभर अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात, आणि तरी भागलं नाही तर बंद होतात. समोर बसलेल्याला वाटतं व्हायरस. मलाही तसंच वाटायचं. लग्नाच्या सीझनमध्ये एका फोटोग्राफरचं मशीन मी तीनदा फॉरमॅट केलं. अल्बम बनवायला घेतला की दहा मिनिटांत हँग. फॉरमॅट केल्यावर माझ्या टेबलावर छान चालायचं, कारण माझ्या टेबलावर ते नुसतं बसून असायचं. तीन वेळा त्याचे फोटो दुसरीकडं काढून ठेवायचे, विंडोज टाकायचं, सगळे फॉन्ट पुन्हा भरायचे. एकेक दिवस जायचा, आणि सीझनमधला दिवस म्हणजे त्याची वर्षाची कमाई. चौथ्या वेळी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्याला अल्बमच बनवायला बसवला आणि शेजारी स्टूल घेऊन बसलो. ६०, ७५, ८८, ९७. मग वेग पडला. कूलर काढला तर आतली पेस्ट पापुद्रा होऊन सुटत होती. आधीच्या तीन वेळचे पैसे मी त्याला परत केले. तो नको म्हणत होता. पैसे घेतले त्यानं, पण ते तीन दिवस मी कुठून आणून देणार होतो?

८. काढताना घाई केलेली चालत नाही. डिसेंबरातली सकाळ होती, बीडला त्या आठवड्यात कडाक्याची थंडी. अंबाजोगाईला शिकणाऱ्या एका मुलाचं मशीन आलं, एएमडीचा एएम४ सॉकेटवाला प्रोसेसर. हे प्रोसेसर खालून दातेरी असतात, १३३१ बारीक पिना, आणि सॉकेट त्यांना वरून धरून ठेवत नाही, फक्त बाजूनं आवळतं. कूलरचं हुक सोडलं आणि सरळ वर ओढलं. कूलर आला, आणि त्याच्या तळाला चिकटून प्रोसेसरही आला. थंडीनं पेस्ट गोंदासारखी धरून बसली होती. एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झालेल्या दिसल्या तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

पेन-पेन्सिलीतलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घेऊन उभी केली. तीन तास. भिंगातून बघत, श्वास रोखून. एक सोडून सगळ्या उभ्या राहिल्या, ती एक तुटली. मुलाला फोन करून जसं झालं तसं सांगितलं आणि नवा प्रोसेसर माझ्या पैशानं घातला. तेव्हापासून कूलर काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून घेतो. कोमट झालं की बंद करायचं, वायर काढायची, मग कूलर आधी डावी-उजवीकडं हलके हलके फिरवायचा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. मग उचलायचा. उन्हाळ्यात ही अडचण मला कधी आली नव्हती, म्हणून ती असते हेच माहीत नव्हतं. कंपनीनं २०२२ पासूनच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर नेल्या आणि प्रोसेसर वरून पट्टीनं धरला. पण आमच्याकडं येणारी मशिनं अजून बरीच वर्षं जुनीच असणार आहेत.

९. चार टक ऐकू आले पाहिजेत. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन आधी दाबायच्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक’ आवाज येतो. तीन बसल्या आणि चौथी नुसती टेकली, तरी वरून सगळं सारखंच दिसतं. केजला पाठवलेलं एक मशीन मांजरसुंब्याचा घाट ओलांडून पोहोचेपर्यंत एका बाजूनं सैल झालं होतं. पेस्ट उत्तम होती, पण दाब नाही तर ती नुसती मधे पडून राहते. आता दुकानात काम शिकणारा मुलगा खुंट्या दाबतो आणि मी पाठ फिरवून आवाज मोजतो. बसवून झालं की मदरबोर्डाच्या मागं बोट फिरवून चारी टोकं बाहेर आलीत का तेही बघतो.

नव्या कूलरच्या तळाला कधी कधी पारदर्शक कागद चिकटवलेला असतो. तो सोलायचा. एकदा राहिला होता.

१०. मे महिन्यातला आकडा डिसेंबरातल्या आकड्याशी जुळवायचा नसतो. एका मे महिन्यात नवं मशीन जोडलं. बाहेर ऊन ४२-४३ अंशांचं. आमच्याकडं कूलर म्हटलं की लोकांना आधी वाळ्याच्या ताट्यांचा आठवतो, तो दुकानात घरघरत होता आणि तरी हवा गरमच. प्रोसेसर काही काम करत नसताना ५८. एका व्हिडिओत बघावं तर तोच प्रोसेसर, तोच कूलर आणि आकडा ३८. माझंच काहीतरी चुकलं म्हणून पेस्ट पुसली, पुन्हा लावली. ५८. तिसऱ्यांदा दुसरी पेस्ट. ५७. रात्री नऊला हात टेकून बसलो तेव्हा सुचलं की त्या व्हिडिओतल्या माणसाच्या अंगात स्वेटर आहे.

पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. त्याची खोली समजा २२ अंश, तर फरक १६. माझी ४१, तर फरक १७. मी तिन्ही वेळा पेस्ट बरोबरच लावली होती. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक साधा तापमापक आणून टांगला. वहीत आता दोन आकडे लिहितो, खोलीचा आणि प्रोसेसरचा, आणि बघतो तो मधला फरक. वर्षभरानं तेच मशीन परत आलं की तो फरक वाढलाय का, एवढंच पाहायचं. वाढला नसेल तर कूलरला हात लावत नाही. पूर्वी सर्व्हिसिंग म्हणजे पेस्ट बदलायचीच, असा माझा नेम होता. चांगल्या पेस्टला अनेक वर्षं काही होत नाही. नीट बसलेलं उगाच उचलू नये, हे पटायला मला एवढा काळ लागला याची खंत आहे, कारण त्याचे पैसे लोकांनी दिले.

११. उष्णता संपत नाही, ती फक्त पुढं जाते. हे पुस्तकात होतंच, पण मला ते २०१५ मध्ये परळीत कळलं. त्या वर्षी दुष्काळ होता. परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. एका कामाला मी परळीला गेलो होतो आणि लांबून ती उंच धुराडी धुराशिवाय उभी दिसली. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पण टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा निववायला पाणी लागतं, आणि माजलगावचं धरण आणि गोदावरीवरचा खडका बंधारा, दोन्हीकडं ते नव्हतं. एवढं मोठं केंद्र, आणि त्याचंही दुखणं माझ्या टेबलावरच्या डब्यासारखंच. उष्णता घेऊन जाणारं पुढं कुणी नाही. प्रोसेसरकडून पेस्ट घेते, पेस्टकडून तांबं, तांब्याकडून पाती, पात्यांकडून वारा. आणि वाऱ्यानं ती कुठं टाकायची?

हा प्रश्न पुन्हा समोर आला २०२३ च्या जुलैत. एक रुपयात पीक विमा भरायची योजना त्याच खरिपाला सुरू झाली होती आणि सेवा केंद्रांवर माणूस मावत नव्हता. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावातून रात्री आठला फोन आला, “भाऊ, दर वीस मिनिटांनी बंद पडतंय, आणि बाहेर रांग आहे.” मोटारसायकलवर निघालो. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, आत दोन प्रिंटर, एक इन्व्हर्टर, चार माणसं. दारात बायाबापड्या, हातात सातबारा आणि आठ-अ, काहींनी ते पावसाला भिऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात, दार लावलेला.

कूलर काढला. पेस्ट खरंच वाळलेली होती. मोबाइलच्या उजेडात पुसलं, मधोमध ठिपका ठेवला. अगदी जवळ उभ्या असलेल्या एका आजोबांनी वाकून पाहिलं. “एवढंच?” म्हणाले. मी म्हणालो, “तुरीच्या दाण्याएवढं बास होतं, बाबा.” चार टक मोजले, मशीन चालू केलं. फॉर्म भरायला लागल्यावर आकडा चढत ८८ वर गेला आणि तिथंच राहिला. आधीपेक्षा बरा, पण रात्रभर टिकेल असं म्हणवेना. मग कप्प्याचं दार काढून ठेवलं. कॅबिनेट ओढून बाहेर घेतलं, दोन विटांवर ठेवलं. मागची खिडकी कुणीतरी धूळ येते म्हणून खिळे मारून बंद केली होती. केंद्र चालवणाऱ्या मुलानं पक्कड आणली आणि आम्ही दोघांनी खिळे उपसले. बाहेर नुकता पाऊस शिंपडून गेला होता. खिडकीतून वारा आत आला तसा आकडा ८१, ७६, ७२ असा उतरत गेला.

प्रिंटरमधून पावती निघाली. मुलानं पुढचं नाव पुकारलं. आजोबांनी पिशवीची गाठ सोडून सातबारा बाहेर काढला.